बोली

विंचूरला लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार आहे. ट्रॉलीत मोकळा कांदा येतो, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो आणि क्विंटलचा भाव चढू लागतो. ही बोली. माणूस घरी बोलतो तीही बोली, आणि ‘दिवाळीला परत देईन’ या बोलीवर उसने घेतले तर तीही बोलीच. भाषा, अट आणि किंमत या तिघींची आजी एकच, प्राकृतातलं ‘बोल्ल’. ‘लिलाव’ मात्र पोर्तुगिजांकडून आला.

भाव ‘बोलतात’, हे आज साधं वाटतं. पूर्वी कित्येक बाजारांत तो बोलला जातच नसे. हत्ता पद्धतीत अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली हात घालत आणि बोटं दाबून आकडा सांगत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा. पण कोणी किती देऊ केले हे त्याला कळायचं नाही. शेवटी अडत्या सांगेल तो भाव. सौद्यातला सगळा संवाद त्याला वगळूनच व्हायचा, आणि माझ्या मते लूट तिथेच सुरू होत असे.

बाजार नियमनाच्या कायद्यांनी हे उपरणं ओढून काढलं. वऱ्हाडात कापूस-धान्य बाजाराचा कायदा 1897चा, मुंबई इलाख्यातला 1939चा. लासलगावची समिती 1947 साली स्थापन झाली. पुढे महाराष्ट्राचा 1963चा कायदा आला. उघड लिलाव हा नियम झाला आणि आकडा बोटांतून तोंडात आला. आता शेवटची बोली चारचौघांच्या कानांवर पडते. पटली नाही तर शेतकरी ‘नाही द्यायचा’ म्हणून ट्रॉली वळवू शकतो. हे ‘नाही’ म्हणता येणं मला भावाइतकंच मोलाचं वाटतं.

तरी बोलणं तिथे संपत नाही. लिलावात दिसतो तो ट्रॉलीतला वरचा थर. व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा ओतला की खालचा माल उघडा पडतो. कधी गोलटी, म्हणजे बारीक कांदा निघतो, कधी सडका. मग वांधा निघतो. भाव पुन्हा बोलला जातो, पण या वेळी घोळका नसतो; व्यापारी, शेतकरी आणि रिकामी होत आलेली ट्रॉली एवढंच. शेतकऱ्याचा हात इथे दबलेला असतो, कारण ओतलेला कांदा परत भरायचा तर पुन्हा मजुरी. म्हणून वांधा तिथल्या तिथे न मिटवता समितीच्या माणसासमोर, हिशेबपट्टीवर लिहून मिटवावा.