दिनविशेष : २० ऑगस्ट, जागतिक डास दिन

१८९७ साली आजच्याच दिवशी सिकंदराबादेत सर्जन-मेजर रोनाल्ड रॉस यांना ॲनाफिलीस डासाच्या पोटाच्या भिंतीत हिवतापाचे जंतू सापडले. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, भिंग तडकलेले. डास चावून घेण्यासाठी हुसेन खान नावाच्या रुग्णाला डासामागे एक आणा मिळत होता. १९०२ चे नोबेल रॉसना मिळाले; खानाचे आणे तेवढेच राहिले.

ठाणे जिल्ह्याचा या शोधाशी संबंध दोन तऱ्हांनी येतो. शहापूर, मुरबाडकडे भातखाचरं, कालव्याचे पाझर, पाटाच्या कडेची डबकी. साचलेल्या स्वच्छ पाण्यात ॲनाफिलीस क्युलिसिफेसिस वाढतो, आणि लावणीच्या ऐन हंगामात घरातला कर्ता माणूस थंडी वाजून अंथरूण धरतो. कल्याण-डोंबिवलीत शेतं गेली, टॉवर आले. तिथे ॲनाफिलीस स्टीफेन्सायला गच्चीवरची उघडी टाकी आणि बांधकामावरचं लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी पुरतं. हिवतापाचे अभ्यासक बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मुंबईच्या विहिरींवर बोट ठेवलं होतं, तोच हा डास. नाव मात्र गटाराचंच खराब होतं!

१९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, डीडीटी फवारणीने १९६५ पर्यंत देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आले. मग ढिलाई आली, डासही औषधाला सरावले, आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. आता पाटाचं पाणी आलटून-पालटून सोडणं, खाचरं मधूनमधून कोरडी ठेवणं आणि गप्पी मासे हे उपाय सांगितले जातात. ताप आला की रक्ततपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.