राजरक्षक मावळे

पुण्याहून सातारच्या वाटेनें जातांना नीरा ओलांडली कीं शिरवळ लागतें. येथील सुभानमंगळ गढीवर 1648 सालीं फत्तेखानाच्या फौजेंतील बाळाजी हैबतराव ठाणें मांडून बसला होता. कावजी मल्हारानें मावळ्यांनिशीं चालून जाऊन ती गढी घेतली. शिवाजीराजे तेव्हां अठरा वर्षांचे होते. पदरीं मोठें सैन्य नव्हतें. होते ते मावळखोऱ्यांतील जिवाला जीव देणारे गडी.

राज्य वाढल्यावर अशाच मावळ्यांतून राजांच्या रक्षणाचें खास दळ उभें राहिलें. कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत त्याची हकीकत दिली आहे. निवडक दोन हजार प्यादे, त्यांचीं शंभर, साठ, तीस अशीं लहानमोठीं पथकें, आणि राजांच्या पालखीबरोबर त्यांची चाल. पोशाख, शस्त्रें, हातांतलीं कडीं हा सारा खर्च सरकारचा. सरदाराच्या घरचें खाणारा शिपाई आधीं सरदाराकडे पाहतो. हे लोक पाहत ते फक्त राजांकडे.

10 नोव्हेंबर 1659 रोजीं प्रतापगडच्या पायथ्याशीं अशा निवडक माणसांचा कस लागला. अफझलखानाच्या भेटीस राजांबरोबर दहा असामी होते. त्यांत येसाजी कंक होता, तसा सिद्दी इब्राहिमही होता. निवड जातधर्मावर नव्हे, पारखीवर झाली होती. सय्यद बंडा राजांवर धांवला तेव्हां जिवा महालानें त्याला आडवा केला. जखमी खानाला घेऊन निघालेली पालखी संभाजी कावजीनें रोखली.

परंतु पारख एकदां झाली म्हणजे इमान कायमचें झालें, असें नाहीं. हाच संभाजी कावजी पुढें शाएस्ताखानास जाऊन मिळाला आणि मराठ्यांच्याच हातून मारला गेला, अशी नोंद जेधे शकावलींत आहे.

याहून दारुण प्रसंग 30 ऑगस्ट 1773 रोजीं शनिवारवाड्यांत घडला. पगाराच्या थकबाकीची ओरड करीत गारदी आंत शिरले. वाड्याचें रक्षण ज्यांनीं करावयाचें, त्यांनींच नारायणराव पेशव्यांवर तलवार उपसली. चुलत्याला मारलेली मिठीही त्यांना वांचवूं शकली नाहीं. पेशव्यांचें वयही तेव्हां अठराच होतें.

पगार मावळ्यांनाही होता, गारद्यांनाही होता. म्हणून भाडोत्रीपणाच्या एका शब्दांत हा भेद उलगडत नाहीं. राजे मावळ्यांबरोबर एकाच डोंगरांत वाढले, एकाच संकटांत उभे राहिले. गारद्यांची गांठ केवळ थैलीशीं होती, आणि पेशव्यांच्या घरांतच फूट पडल्यावर ती थैली दुसऱ्याच्या हातीं जाण्यास वेळ लागला नाहीं. राज्यकर्त्याच्या दाराशीं उभा असलेला पहारा किती मजबूत आहे, हें दाराबाहेर मोजून कळत नाहीं. तें दाराच्या आंत पाहावें लागतें.