जांगडापासून डिजिटल खेळापर्यंत

घेतलेली वस्तू सदोष निघाल्यास ती परत करून पैसे मागण्याचा हक्क आज संगणकावरील आणि मोबाइलवरील खेळांच्या संदर्भात चर्चिला जात असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न धाराशिव जिल्ह्याच्या बाजारपेठांना नवा नाही. या जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथून गाड्यांवर लादलेले जाडेभरडे कापड आणि मलमल भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. माल आणि गिऱ्हाईक यांच्यात इतके अंतर पडले की पारखण्याची जबाबदारी कोणाची, हा वाद आपोआप उभा राहतो.

मराठी व्यापारी भाषेने त्यावर काढलेला एक तोडगा 'जांगड' या शब्दात टिकून आहे. पसंतीच्या बोलीवर घरी नेलेला, पसंत पडला तर किंमत चुकती करायची आणि न पडला तर ठरल्या मुदतीत जसाच्या तसा परत करायचा, असा माल म्हणजे जांगड माल. तो दुकानाबाहेर गेला तरी विकला गेला असे मानले जात नाही. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 24 मध्ये हीच रीत कायद्याच्या भाषेत आली असून, माल ठेवून घेऊन नकार न कळवता मुदत उलटू दिली की विक्री पूर्ण झाली, असे ते कलम सांगते. एरवी मात्र त्या कायद्याचा कल 'गिऱ्हाइकाने पारखून घ्यावे' या जुन्या तत्त्वाकडेच होता आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलेला माल किंवा नमुना दाखवून विकलेला माल यांसारखे अपवाद त्याला जोडलेले होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात हा केंद्रीय कायदा 1951 मध्ये, संस्थानाच्या विलीनीकरणानंतर, लागू झाला. त्या काळी आणि पुढेही 1982 पर्यंत लातूरची मोठी पेठ याच जिल्ह्यात होती. अडतीवर पोत्यातून मूठभर धान्य तळहातावर घेऊन, दाणा दाताखाली फोडून भाव ठरवणाऱ्या खरेदीदाराला त्या तत्त्वात अन्याय दिसण्याचे कारण नव्हते, कारण माल त्याच्या डोळ्यांसमोर होता.

जो माल वापरल्याशिवाय कळतच नाही, त्याच्यापुढे हे तत्त्व लुळे पडते, आणि या जिल्ह्यात असा माल म्हणजे बियाणे. सोयाबीनच्या पिशवीवरील टॅगवर उगवणक्षमता, म्हणजे शंभर दाण्यांपैकी किती उगवतील याचे प्रमाण, छापलेले असते आणि ते किमान 70 टक्के असावे लागते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून, काही दिवसांनी मोड मोजून शेतकरी ते घरीही तपासू शकतो, परंतु पाऊस पडून वाफसा आला की तेवढी सवड राहत नाही. 2020 च्या खरिपात धाराशिवसह मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला, तेव्हा परत करण्यासाठी शेतकऱ्याच्या हाती बियाणे उरलेलेच नव्हते. उरली होती ती रिकामी पिशवी, टॅग, पावती आणि तालुका समितीचा पंचनामा. हा पेच सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच, आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या प्रकरणात, सोडवला होता. नमुना प्रयोगशाळेत का पाठवला नाही, या बियाणे महामंडळाच्या आक्षेपावर न्यायालयाने म्हटले की, शेतकरी सगळे बियाणे पेरून टाकतो, तपासणीसाठी त्याने काही मागे ठेवावे अशी अपेक्षा धरता येणार नाही. परताव्याच्या हक्काच्या इतिहासात या निकालाचे मोल मोठे आहे, कारण वस्तू परत करता येत नाही म्हणून पैसे मागण्याचा हक्क बुडत नाही, हे त्यातून पक्के झाले.

हा निकाल ज्याच्या आधारे लागला, तो 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहक चळवळीच्या रेट्यातून आला होता. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन करून तिचा पाया घातला होता. कायद्याने जिल्हा पातळीवर मंच दिले, मात्र तक्रार विरुद्ध पक्षाच्या व्यवसायाच्या ठिकाणी किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले तिथेच करावी लागे.

डिजिटल खेळ हा बियाण्याच्या जातीचा माल आहे: तो खेळल्याशिवाय कळत नाही आणि खेळल्यावर 'जसाच्या तसा' परत करण्याला अर्थ राहत नाही. शिवाय कंपन्यांच्या करारानुसार ग्राहक खेळ विकत घेत नाही, तर तो वापरण्याचा परवाना घेतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने 2014 मध्ये 'स्टीम' हे खेळांचे दुकान चालवणाऱ्या अमेरिकेतील वाल्व्ह कंपनीवर दावा लावला, तेव्हा आपल्याला ऑस्ट्रेलियाचा कायदा लागू नाही, हा कंपनीचा बचाव होता. तेथील न्यायालयाने 2016 मध्ये तो फेटाळला आणि 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. दरम्यान, 2015 मध्ये स्टीमने खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या खेळाचे पैसे परत देण्याचा नियम जाहीर केला होता. ही मुदतीची जांगडच म्हणावी लागते. फरक इतकाच की जांगडीची बोली दोघांनी मिळून ठरवायची असते आणि येथे ती एकट्या विक्रेत्याने ठरवली.

भारतात 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या 2019 च्या कायद्याने ई-वाणिज्याच्या व्याख्येत 'डिजिटल उत्पादने' हे शब्द घातले आणि ग्राहकाला स्वतःच्या राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली. त्याच महिन्यातील ई-वाणिज्य नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेल्या वस्तूचे वा सेवेचे पैसे परत नाकारता येत नाहीत, तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्याही या चौकटीत येतात. त्यामुळे उमरग्याचा किंवा परंड्याचा खेळाडू धाराशिवच्या जिल्हा आयोगात दाद मागू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही, आणि बियाण्याच्या प्रकरणात पिशवीला व टॅगला जे स्थान, तेच येथे पैसे भरल्याच्या संदेशाला, खरेदीच्या क्रमांकाला आणि जाहिरातीच्या जपून ठेवलेल्या चित्राला आहे.