बाभळीच्या काट्यानं शिकवलेलं विज्ञान

मैत्रिणींनो, आजची गोष्ट नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्याची. मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्याला आता नर्मदापुरम म्हणतात.

१९७२ साली तिथल्या १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीचं विज्ञान नव्या पद्धतीनं शिकवायला सुरुवात झाली. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी सरकारच्या परवानगीनं हे काम हाती घेतलं.

खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा कुठली असणार? पण काम अडलं नाही. फुलाचे भाग सुटे करायला सुई नाही, तर बाभळीचा काटा घ्यायचा. बारीक नळी हवी, तर सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. चार-चार मुलं मिळून प्रयोग करायची, दिसेल ते वहीत लिहायची, मग वर्गात चर्चा व्हायची. पुस्तकाचं नाव होतं ‘बाल वैज्ञानिक’. त्यात तयार उत्तरं नव्हती. ती मुलांनी शोधायची होती. परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं.

गुरुजींनाही आधी शिकावं लागलं. प्रशिक्षणात ते स्वतः प्रयोग करायचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ मदतीला यायचे. मुलांच्या मनातल्या शंकांसाठी ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पत्रं लिहायची आणि त्यांना उत्तरं यायची.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला. १९८२ मध्ये त्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. पुढं शाळा हजारापर्यंत गेल्या. आणि २००२ साली राज्य सरकारनं तो बंद केला. शिक्षक, शास्त्रज्ञ यांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. तीस वर्षांची घडी एका आदेशानं मोडली.

यातून आपण काय घ्यायचं? काटा आणि नळी आजही फुकट मिळते. अवघड आहे ते मुलांना ‘असं का?’ विचारू देणं, आणि तशी शाळा टिकवणं. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तिथं आपण पोषण आहाराचं विचारतो, संडासाचं विचारतो, ते विचारायलाच हवं. पुढच्या बैठकीत आणखी एक विचारा: “गुरुजी, या महिन्यात मुलांनी स्वतःच्या हातानं कोणता प्रयोग केला?”