कारलं काहींना इतकं आवडतं आणि काहींना नकोसं का वाटतं?

घरात कारल्याची भाजी झाली की ताटांभोवती दोन गट पडतात. एक जण काप कुरकुरीत असतानाच ताटलीतून उचलून खातो, दुसरा "आज मी वरणभातच खातो" म्हणतो. बटाट्यावरून असं भांडण होत नाही. मग कारल्यावरूनच का?

'कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच' ही म्हण माणसाच्या स्वभावाबद्दल असली तरी तिच्या मुळाशी रसायनशास्त्र आहे.

कारल्याचं शास्त्रीय नाव मोमॉर्डिका चॅरँशिया. काकडी, दुधी, पडवळ, दोडका आणि कलिंगड ही सगळी त्याची भावंडं, कुकर्बिटेसी या एकाच कुळातली. या कुळातल्या रानटी वेलींची फळं बहुतेक कडूच असतात. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या कमी कडू फळांचं बी राखलं, म्हणून आज काकडी गोडसर लागते. कारल्याच्या बाबतीत मात्र माणसाने कडूपणा ठेवूनच वेल जोपासला. मोमॉर्डिसिन आणि त्याच्या जातीची इतर संयुगं हा कडूपणा देतात. वेलीसाठी ते संरक्षण आहे. बी तयार होईपर्यंत फळ हिरवं आणि कडू राहतं. पिकलं की नारिंगी होऊन फुटतं आणि आतल्या बियांवरचा लाल गर चक्क गोड लागतो, म्हणजे पक्ष्यांनी तो खावा आणि बी लांब न्यावं. आपण खातो ते कच्चं फळ, जे कुणी खाऊ नये असं वेलीला 'वाटत' असतं.

जिभेचा पहारेकरी

गोड चव ओळखायला माणसाकडे मोजकेच ग्राहक असतात. कडू ओळखायला मात्र सुमारे 25 प्रकारचे आहेत. कारण सोपं आहे: वनस्पतींमधली अनेक विषं कडू असतात, आणि विष ओळखायला चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही. त्यामुळे कडूला नकार देणं हे उपजत आहे. नवजात बाळाच्या जिभेवर कडू थेंब ठेवला तर ते तोंड वाकडं करतं, हे 1970 च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं होतं. तेव्हा कारलं नको म्हणणारं मूल नाटक करत नसतं.

पण सगळ्यांना कडू सारखंच कडू लागत नाही. हे कळलं तेही अपघाताने. 1931 च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ पीटीसी नावाची पूड हाताळत होते. ती थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी "किती कडू!" म्हणून तक्रार करू लागला, आणि फॉक्स यांना मात्र काहीच चव लागेना. पुढे लोकांना ती पूड चाखायला दिल्यावर माणसांचे खरोखरच दोन गट पडले. ही देणगी घराण्यातून येते हे लवकरच लक्षात आलं. त्यामागचं टीएएस2आर38 हे जनुक मात्र 2003 मध्ये सापडलं.

सोशल मीडियावर याच जनुकाचा दाखला देऊन "तुला कारलं आवडत नाही कारण तुझ्यात ते जनुक आहे" असं बिनधास्त सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. हे जनुक मुख्यतः कोबी, ब्रोकोली, मोहरी यांच्या कुळातला कडवटपणा ओळखतं. कारल्यातली कडू संयुगं वेगळ्या गटातली आहेत आणि त्यांच्यासाठी दुसरे ग्राहक कामाला येतात. जिभांमध्ये फरक असतो हे खरं, पण एका जनुकावर कारल्याचं खापर फोडता येत नाही.

आवड घडते कशी?

जन्मापासून कडू नको असलेला माणूस मोठेपणी कडक कॉफी पितो, गुढीपाडव्याला कडुनिंब चावतो, मेथीची भाजी मागून घेतो. म्हणजे नावड बदलू शकते.

बदल पोटातूनच सुरू होत असावा. फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमधल्या संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही गरोदर बायकांना शेवटच्या महिन्यांत गाजराचा रस दिला. त्यांच्या बाळांना पुढे गाजराच्या चवीची पेज इतर बाळांपेक्षा जास्त रुचली. 2022 मध्ये इंग्लंडमधल्या डरॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी तर गर्भातल्या बाळांचे चेहरेच सोनोग्राफीत पाहिले. आईने गाजराची कॅप्सूल घेतल्यावर हसल्यासारखे, तर केल या कडवट पालेभाजीची घेतल्यावर रडवेले भाव जास्त दिसले.

त्यानंतरचं काम स्वयंपाकघर करतं. नवी चव मुलांना पटायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर यावी लागते. बहुतेक घरांत दोन-तीनदा तोंड वाकडं झालं की प्रकरण बंद होतं. उलट जबरदस्तीने भरवलेलं कारलं आयुष्यभर डोक्यात बसतं.

जिथे कारलं रोजचं आहे तिथे चित्र वेगळं दिसतं. बंगालमध्ये जेवणाची सुरुवातच कडू पदार्थाने करतात. कारलं घातलेलं शुक्तो हा तिथला मानाचा पदार्थ. जपानच्या ओकिनावात कारल्याला 'गोया' म्हणतात आणि टोफू-अंड्याबरोबर परतलेलं गोया चांपुरू ही तिथली ओळखच आहे. आपल्याकडे भोंडल्याच्या गाण्यात सासू माहेरी निघालेल्या सुनेला आधी कारल्याचं बी पेरायला लावते, म्हणजे अंगणातला हा वेल किती नेहमीचा होता ते कळतं.

आजीचं मीठ बरोबर होतं

कारली चिरून मीठ चोळून ठेवायची आणि पिळून घ्यायची, ही पद्धत दोन्ही अंगांनी उपयोगी पडते. मीठ पाणी ओढून घेतं आणि त्याबरोबर थोडा कडू रस निघून जातो. शिवाय मिठातला सोडियम जिभेवर कडू चवच दाबतो, हे 1997 मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या प्रयोगांत दिसलं आहे. चिंच-गूळ घातलं की आंबट-गोडामागे कडू मागे सरतं. भरल्या कारल्यातलं खोबरं, दाण्याचं कूट आणि तेलही तेच करतात. काप पातळ करून तळले तर कडूपणापेक्षा कुरकुरीतपणाच लक्षात राहतो. इतकं करूनही नको असेल तर पावसाळ्यात करटोली मिळतात. कारल्याच्याच प्रजातीतली, पण जवळजवळ कडू नाहीत.

औषध म्हणून प्यायचं का?

कारल्याचा रस मधुमेहावर रामबाण, असे मेसेज फिरत असतात. कारल्यात साखर कमी करू शकणारी संयुगं आहेत, पण माणसांवरचे चांगले अभ्यास कमी आहेत. 2012 च्या कॉक्रेन आढाव्याने टाइप 2 मधुमेहासाठी पुरेसा पुरावा नाही, असाच निष्कर्ष काढला. गोळ्या बंद करून रस पिणं धोक्याचं आहे. गोळ्या चालू असताना भरपूर रस प्यायल्यास साखर फार खाली जाऊ शकते. त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. गरोदरपणातही कारल्याचा रस आणि त्याच्या गोळ्या टाळतात.

इथे दुधीचा इशारा वेगळा द्यायला हवा. कारलं कडू असणं स्वाभाविक आहे, दुधी कडू असणं नाही. दुधीत कुकर्बिटॅसिन वाढलं की तो विषारी होतो. 2010 मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने सांगितलं की रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा चाखावा, कडू लागला तर टाकून द्यावा आणि दुधीचा रस इतर रसांत मिसळू नये. कारल्याचा रस मिसळला तर दुधीचा कडूपणा कळणारच नाही. कडू रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळ किंवा उलटीत रक्त दिसलं तर लगेच रुग्णालय गाठावं, कारण या विषावर उतारा नाही. "आरोग्यासाठी कडू चांगलं" म्हणून ग्लास संपवायचा नाही.