टीव्हीचं लायसन्स लागतं का? घरच्या टीव्हीचा खर्च आणि सवलती

थेट उत्तर : नाही. बेंबळी असो वा मुंबई, भारतात घरी टीव्ही ठेवायला लायसन्स लागत नाही. त्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

पूर्वी मात्र लागायचं. पोस्टात दरवर्षी रेडिओचे १५ आणि टीव्हीचे ५० रुपये भरून लायसन्सच्या पुस्तकावर नोंद करून घ्यावी लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यात ही पद्धत बंद झाली. ब्रिटनमध्ये ती अजून आहे. तिथे २०२५-२६ साठी रंगीत टीव्हीची फी १७४.५० पौंड होती; अंध व्यक्तींना निम्मी सवलत मिळते.

मग महिन्याला पैसे कशाचे जातात?

केबल किंवा डीटीएचच्या बिलात तीन गोष्टी असतात :

• नेटवर्क शुल्क (एनसीएफ) : जोडणीचं भाडं. आधी २०० चॅनेलपर्यंत कमाल १३० रुपये होतं, म्हणजे करासह १५३.४० रुपये. २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढली. आता कंपनी दर ठरवते, पण तो जाहीर करावा लागतो.
• पे चॅनेल किंवा पॅकची किंमत.
• १८ टक्के जीएसटी.

पैसे कुठे वाचतात?

• न बघितले जाणारे पे चॅनेल काढून टाका. हवे तेवढेच निवडायचा हक्क ग्राहकाला आहे.
• पॅक आणि सुट्या चॅनेलची बेरीज करून बघा. पॅकवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. पण त्यातले दोनच चॅनेल बघत असाल तर सुटे स्वस्त पडू शकतात.
• घरात दुसरा टीव्ही असेल किंवा सहा महिन्यांचे पैसे एकदम भरणार असाल, तर सवलत विचारून घ्या.

महिन्याला शून्य रुपये : डीडी फ्री डिश

प्रसार भारतीची ही सेवा २००४ पासून आहे. छत्री, सेट-टॉप बॉक्स आणि बसवणावळ यांचा खर्च एकदाच; नंतर रिचार्ज नाही. सह्याद्री वाहिनीही यावर दिसते. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. त्यामुळे बेंबळी परिसरात छत्रीचं तोंड आग्नेयेला, साधारण ६० अंश वर येतं. त्या बाजूला झाड किंवा भिंत आडवी नको.

म्हातारी माणसं फक्त बातम्या आणि जुने सिनेमे बघत असतील, तर दर महिन्याचं रिचार्ज भरण्याआधी हा पर्याय नक्की तपासा.