उत्तर आयर्लंडमधील गतहिंसेचा न्याय

उत्तर आयर्लंडमध्ये १९६८-६९ पासून १९९८ पर्यंत चाललेल्या पंथीय संघर्षातील हत्यांचे तपास, खटले, चौकश्या, बेपत्ता मृतदेहांचा शोध आणि पीडितांची भरपाई यांसाठी उभ्या राहिलेल्या व्यवस्था व त्यांवरचे वाद. तिथल्या राजकीय बोलीत या सगळ्याला ‘लेगसी’ असा एकच शब्द आहे. खुद्द संघर्षाला तिकडे ‘ट्रबल्स’ म्हणतात. तीस वर्षांच्या रक्तपाताला ‘कटकटी’ म्हणावे तसे हे आहे. पण दोन्ही बाजूंना चालेल असे दुसरे नाव सापडलेले नाही. ‘युद्ध’ म्हटले तर मारणारे सैनिक ठरतात, ‘दहशतवाद’ म्हटले तर फक्त गुन्हेगार ठरतात, आणि न्यायाचा सगळा वाद याच फरकावर उभा आहे.

पार्श्वभूमी : १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि ईशान्येचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तेथील प्रॉटेस्टंट बहुसंख्याकांना ब्रिटनशी जोड हवी होती (युनियनिस्ट, त्यांतील कडवे ते लॉयलिस्ट), तर बहुतेक कॅथलिकांना अखंड आयर्लंड (नॅशनॅलिस्ट, त्यांतील कडवे ते रिपब्लिकन). भांडण धर्मतत्त्वांचे कधीच नव्हते. माणूस कोणत्या चर्चमध्ये जातो यावरून त्याचे राज्य कोणते, हे ओळखले जाई. घरे, नोकऱ्या आणि मतदारसंघ यांतील भेदभावाविरुद्ध १९६८ मध्ये नागरी हक्कांच्या मोर्च्यांनी सुरुवात झाली आणि ऑगस्ट १९६९ मध्ये ब्रिटिश सैन्य रस्त्यावर आले. पुढच्या तीन दशकांत सुमारे पंधरा लाख वस्तीच्या या प्रदेशात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते. ढोबळमानाने साठ टक्के मृत्यू आयआरए व इतर रिपब्लिकन संघटनांच्या हातून, तीस टक्के यूव्हीएफ, यूडीए अशा लॉयलिस्ट संघटनांकडून आणि दहा टक्के सैन्य व पोलिसांकडून झाले. (या संघटनांना इंग्रजीत जो शब्द लावतात त्याचे मराठी ‘निमलष्करी’ होते, पण आपल्याकडे निमलष्करी दल सरकारचे असते, म्हणून इथे ‘सशस्त्र संघटना’ म्हटले आहे.)

हे आकडे प्रत्येक बाजू आपापल्या सोयीने वाचते. युनियनिस्ट म्हणतात, साठ टक्के खून करणारे मोकळे आणि चौकश्या मात्र सैनिकांच्या. नॅशनॅलिस्ट म्हणतात, सशस्त्र संघटनांतील हजारो माणसे तुरुंगात गेली. गणवेशातले किती गेले? दोन्ही प्रश्न खरे आहेत.

करार आणि पुरावा : १० एप्रिल १९९८ चा बेलफास्ट करार, म्हणजेच गुड फ्रायडे करार, उत्तरेत सार्वमताने ७१ टक्के मतांनी मंजूर झाला. त्यात पीडितांविषयी सहानुभूतीचे परिच्छेद आहेत, यंत्रणा एकही नाही. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा सत्यशोधन आयोगाच्या सुनावण्या गाजत होत्या. बेलफास्टमध्ये तो मार्ग मुद्दाम टाळला गेला. कोणी जिंकले नव्हते, त्यामुळे कोणाला कोणापुढे उभे करायचे हे ठरवणारे कोणी नव्हते, आणि भूतकाळ टेबलावर आणला असता तर करार झाला नसता. ही टाळाटाळ त्या वेळी शहाणपणाचीच होती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तिची किंमत मात्र नंतरच्या पिढीने चुकती केली.

किंमत पुराव्याच्या चलनात होती. शांततेचा प्रत्येक हप्ता भरताना पुराव्याची एकेक वाट बंद होत गेली. शस्त्रे खाली ठेवणाऱ्या संघटनांना १९९७ च्या कायद्याने हमी दिली की, सोपवलेल्या हत्यारांवर न्यायवैद्यक तपासणी होणार नाही. सप्टेंबर २००५ मध्ये कॅनडाचे जनरल जॉन द शास्तलां यांच्या आयोगासमोर, एक कॅथलिक व एक मेथडिस्ट धर्मगुरू साक्षीला ठेवून, आयआरएने आपला साठा निकामी केला. कोणती बंदूक कोणत्या खुनात वापरली होती, हे त्या साठ्याबरोबरच गेले. कैद्यांची सुटका हा दुसरा हप्ता होता. मान्यताप्राप्त शस्त्रसंधी पाळणाऱ्या संघटनांचे चारशेहून अधिक कैदी दोन वर्षांत सुटले आणि जुलै २००० मध्ये मेझ तुरुंग जवळपास रिकामा झाला. १९९८ पूर्वीच्या गुन्ह्यात यापुढे कोणी दोषी ठरला, तरी तो प्रत्यक्षात दोन वर्षांहून अधिक काळ आत राहणार नव्हता. खून सिद्ध झाला तरी शिक्षा दोनच वर्षांची, हे कुटुंबांना पचवावे लागले.

तिसरा हप्ता गुपचूप दिला गेला. आयआरएच्या फरार संशयितांना सरकारने खासगी पत्रे पाठवली होती : तूर्त तुमच्याविरुद्ध अटकेची मागणी नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमधील १९८२ च्या बॉम्बस्फोटाचा खटला, आरोपीला चुकून गेलेल्या अशाच पत्रामुळे कोसळला, तेव्हा लोकांना हा प्रकार कळला.

डेरीचा रविवार : डेरी (युनियनिस्टांचे लंडनडेरी, शहराच्या नावावरही एकमत नाही) येथे ३० जानेवारी १९७२ रोजी, बिनखटल्याच्या स्थानबद्धतेविरुद्ध निघालेल्या मोर्च्यावर पॅराशूट रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने गोळीबार केला. तेरा जण त्याच दिवशी मेले, चौदावा काही महिन्यांनी. सरन्यायाधीश विजरी यांनी अकरा आठवड्यांत अहवाल दिला आणि सैनिकांना बव्हंशी मोकळे केले. मृतांपैकी काहींनी बॉम्ब वा बंदुका हाताळल्या असाव्यात, हा संशय कागदावर राहिला. पुढची अडतीस वर्षे कुटुंबांचा लढा शिक्षेसाठी कमी आणि तो डाग पुसण्यासाठी अधिक होता.

पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी जानेवारी १९९८ मध्ये लॉर्ड सॅव्हिल यांची नवी चौकशी जाहीर केली. ती बारा वर्षे चालली, नऊशेहून अधिक साक्षीदारांच्या तोंडी साक्षी झाल्या आणि खर्च एकोणीस कोटी पौंडांच्या वर गेला. १५ जून २०१० रोजी अहवाल आला : मारले गेलेल्यांपैकी कोणीही सैनिकांच्या जिवाला धोका होईल असे काही करत नव्हते. डेव्हिड कॅमेरन यांनी संसदेत त्याच दिवशी, कसलीही पळवाट न ठेवता, माफी मागितली. डेरीच्या गिल्डहॉलसमोरच्या चौकात पडद्यावर ते भाषण ऐकणाऱ्या गर्दीने ब्रिटिश पंतप्रधानासाठी टाळ्या वाजवल्या, आणि नातेवाइकांनी विजरी अहवालाची प्रत फाडली.

सॅव्हिल यांना सत्य मिळाले तेही एका अटीवर. साक्षीदाराचे स्वतःचे म्हणणे त्याच्याच विरुद्ध खटल्यात वापरले जाणार नाही, ही हमी आधीच दिलेली होती. त्यामुळे चौकशीत जे बोलले गेले ते फौजदारी न्यायालयात जवळपास निरुपयोगी ठरले. त्या दिवशीच्या बंदुकांपैकी बहुतेक तोवर नष्ट झाल्या होत्या किंवा विकल्या गेल्या होत्या. केवळ ‘सोल्जर एफ’ या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका माजी सैनिकावर दोन खून आणि पाच खुनाच्या प्रयत्नांचा आरोप ठेवला गेला, तो २०१९ मध्ये. मधे एकदा तो मागे घेतला गेला आणि उच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा उभा राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. सैनिकांनी लष्करी शिस्त पार गमावली होती असे न्यायाधीशांनी नोंदवले. पण पुरावा मुख्यतः दोन सहकाऱ्यांच्या १९७२ च्या जबान्यांचा होता, आणि तेवढ्यावर दोष ठरत नव्हता. या जबान्या पोलिसांनी नव्हे, लष्करी पोलिसांनी घेतलेल्या होत्या. १९७० च्या दशकाच्या आरंभी तशी व्यवस्थाच होती : सैनिकाने गोळी झाडली तर त्याला विचारायचे सैन्यानेच.

कॉरोनर आणि मानवी हक्क न्यायालय : संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर मुंबईकरांना अपरिचित नाही, विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुंबईत कॉरोनरचे न्यायालय होते. उत्तर आयर्लंडमध्ये याच जुन्या, दंडाधिकार नसलेल्या पदाने सर्वांत भरीव काम केले. मे २००१ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अनेक प्रकरणांत एकत्र निकाल देऊन बजावले की, जगण्याच्या हक्कात मृत्यूचा स्वतंत्र, परिणामकारक तपास मिळण्याचा हक्कही येतो. त्या आधारावर रखडलेल्या कॉरोनर-चौकश्या पुन्हा उघडल्या. बेलफास्टच्या बॅलिमर्फी वस्तीत ऑगस्ट १९७१ मध्ये गोळ्या लागून मेलेले दहाही जण पूर्णपणे निरपराध होते, असा निष्कर्ष न्या. शिव्हॉन कीगन यांनी मे २०२१ मध्ये दिला. त्यांत एक धर्मगुरू होता आणि आठ मुलांची एक आईही होती. शिक्षा कोणालाच झाली नाही.

पोलिसांनी २००५ मध्ये जुन्या हत्या तपासणारे खास पथक नेमले. तीन हजारांहून अधिक मृत्यू त्याच्या यादीत होते. सैनिकांची प्रकरणे ते इतरांहून सौम्यपणे हाताळते, असे सरकारी निरीक्षकांनीच २०१३ मध्ये नोंदवले आणि पुढच्या वर्षी पथक बंद झाले.

खबरी आणि संगनमत : सर्वांत काळोखी बाजू हीच. वकील पॅट फिनुकेन यांना फेब्रुवारी १९८९ मध्ये लॉयलिस्टांनी घरात, बायको-मुलांसमोर रविवारच्या जेवणावेळी मारले. या कटाच्या आसपास वावरणाऱ्यांत सैन्याचे आणि पोलिसांचे खबरी होते. सर जॉन स्टीव्हन्स यांच्या तिसऱ्या चौकशीने २००३ मध्ये संगनमत मान्य केले आणि कॅमेरन यांनी २०१२ मध्ये माफी मागितली. जाहीर चौकशी मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य झाली, तोवर पस्तीस वर्षे उलटली होती. दुसऱ्या बाजूला आयआरएमधील फितुरांना हुडकून मारणाऱ्या पथकातच सैन्याचा ‘स्टेकनाइफ’ हा खबरी होता. ‘ऑपरेशन केनोव्हा’ या तपासाच्या मार्च २०२४ मधील अंतरिम अहवालाने त्याच्यामुळे वाचलेल्यांपेक्षा गेलेले जीव अधिक, असा हिशेब मांडला. इथे राज्य आणि त्याचे शत्रू दोघांनाही फायली बंदच हव्या असतात, आणि एरवी कशावरच एकमत नसलेल्या पक्षांची ही मूक युती फार टिकाऊ ठरली आहे.

पीडित कोण : २००६ च्या कायद्यातील व्याख्येत जखमी, त्यांची काळजी घेणारे आणि मृतांचे आप्त आले. बॉम्ब पेरताना स्वतःच मेलेल्याची आईही त्यात बसते. आर्चबिशप रॉबिन ईम्स आणि माजी धर्मगुरू डेनिस ब्रॅडली यांच्या सल्लागार गटाने जानेवारी २००९ मध्ये प्रत्येक मृताच्या कुटुंबाला, मृत कोणीही असो, बारा हजार पौंड सुचवले. आईच्या दुःखात भेद करू नये, हा त्यामागचा विचार. अहवाल प्रसिद्ध करण्याच्या सभेतच आरडाओरडा झाला आणि त्या एका शिफारशीखाली उरलेला सगळा अहवाल गाडला गेला. डिसेंबर २०१४ च्या स्टॉर्मंट हाउस कराराने स्वतंत्र तपास यंत्रणा, माहिती-संकलन आयोग आणि मौखिक इतिहासाचे दालन ठरवले. तेही अमलात आले नाही. मौखिक इतिहासाचा धसका आधीच बसला होता : बॉस्टन कॉलेजने ‘मृत्यूनंतरच उघडू’ या वचनावर माजी बंडखोरांच्या घेतलेल्या मुलाखती २०११ पासून पोलिसांनी कायद्याच्या बळावर मिळवल्या. त्यानंतर टेपरेकॉर्डरसमोर कोण बसणार?

२०२३ चा कायदा : सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेने, उत्तर आयर्लंडमधील सर्व प्रमुख पक्षांचा विरोध असताना, नवा कायदा केला. नव्या आयोगाला खरी माहिती देणाऱ्यास सशर्त अभय, १ मे २०२४ नंतर अपुऱ्या राहिलेल्या कॉरोनर-चौकश्या बंद आणि नवे दिवाणी दावेही बंद. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले ते याच्याविरुद्ध, ही या कायद्याची एकमेव सिद्धी. आयर्लंड सरकार जानेवारी २०२४ मध्ये स्ट्रासबर्गला गेले; फेब्रुवारीत बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने अभयाची तरतूद मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मजूर सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये डब्लिनबरोबर नवी चौकट जाहीर केली आणि ऑक्टोबरात नवे विधेयक मांडले. माजी सैनिकांच्या संघटना आता त्याविरुद्ध उभ्या आहेत.

बेपत्तांचा आयोग : देवघेव उघडपणे मान्य करून काम करणारी एकच संस्था बऱ्यापैकी यशस्वी झाली, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. मुख्यतः आयआरएने मारून गुपचूप पुरलेल्यांचे अवशेष शोधण्यासाठी दोन्ही सरकारांनी १९९९ मध्ये आयोग नेमला. त्याला दिलेली माहिती कोणत्याही खटल्यात वापरता येत नाही, सापडलेल्या अवशेषांची खुनी शोधण्यासाठी तपासणी होत नाही, आणि माहिती देणाऱ्याचे नाव बाहेर जात नाही. कुटुंबांनी न्याय सोडला आणि कबर मागितली. डिसेंबर १९७२ मध्ये बेलफास्टमधून उचललेल्या दहा मुलांच्या विधवा आईचे अवशेष ऑगस्ट २००३ मध्ये लाउथ परगण्यातील समुद्रकिनाऱ्यावर फिरायला गेलेल्या लोकांना सापडले. आयोगाच्या शोधातून नव्हे, योगायोगाने ते मिळाले, आणि म्हणून त्या हमीच्या कक्षेत आले नाहीत. आयोगाच्या यादीतील सतरांपैकी तेरा जण सापडले आहेत. मोनॅहन परगण्यातील ब्रॅगनच्या दलदलीत १९७५ मध्ये पुरलेल्या एका तरुणासाठी आयोगाने अनेकदा खोदकाम केले आहे. तो अजून मिळालेला नाही. त्याच्या आईवडिलांच्या कबरीच्या दगडावर त्याचे नाव आधीच कोरून ठेवलेले आहे.